रुखवतातला साचा

"हा देव्हारा कुठनं आणला म्हणायचा?" असं म्हणून वऱ्हाडातल्या एका मावशींनी माझ्या साच्यासमोर वाकून नमस्कार केला. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या चौघींनीही हात जोडले. मी मुंडावळ्या बांधून बसले होते, नवरीनं गप्प बसायचं असतं वगैरे सगळं ठाऊक होतं, तरी मला राहवलं नाही.

"देव्हारा नाही मावशी, साचा आहे."

"कसला गं? मोदकाचा?"

"सिमेंटच्या ब्लॉकचा."

मावशींनी जोडलेले हात पटकन पदरात लपवले. पण चूक त्यांची नव्हती. एका बाजूला शिंपल्यांचा गणपती, दुसऱ्या बाजूला लोकरीचे पोपट, पुढं लाडू-चिवड्याच्या टोपल्या, आणि मधोमध हा चंदेरी रंगाचा, झेंडूच्या माळा घातलेला, लाल रिबन बांधलेला लोखंडी पेटारा. दोन माणसांनी उचलायचा. कुणालाही देव आत आहे असंच वाटेल.

रुखवतात लेकीनं आपल्या हातानं केलेलं मांडायचं असतं ना? मग मी तेच केलं होतं. आमच्या आप्पांचं कुपवाडला छोटं वर्कशॉप होतं, ब्लॉकचे साचे करायचं. मला भाऊ नाही, आणि घरात बसून राहायचा माझा स्वभाव नाही. शाळा सुटली की मी वर्कशॉपात. पुढं पुढं वेल्डिंगसुद्धा मीच करायला लागले. लोकरीचा पोपट करायला बसवलं असतं तर त्याची घार झाली असती. त्यापेक्षा साचा बरा.

आणि जावई कोण, तर ब्लॉक यार्डवाला. जतच्या रस्त्यावर शेळकेवाडी म्हणून गाव आहे, तिथं यांचं यार्ड. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण सारखं हे-हे करत राहिले तर तुमचाच गोंधळ उडेल. म्हणून सांगते, जालिंदर.

आता त्या साच्याची भानगड ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळंच झालं.

ब्लॉकच्या मशीनला दोन लोखंडी दांड्या असतात. त्यांना चार बोल्टांनी साचा टांगायचा. खाली लाकडी फळी ठेवायची, तिच्यावर साचा उतरवायचा, त्यात कालवलेला माल भरायचा, मोटार लावायची. सगळं थरथरायला लागतं, माल घट्ट बसतो. मग हँडल ओढलं की साचा वर उचलतो आणि फळीवर ओले ब्लॉक उभे राहतात. ती फळी हातानं बाहेर ओढून घ्यायची. म्हणजे फळी ओढणाऱ्याचे दोन्ही हात दर खेपेला टांगलेल्या साच्याच्या खाली जातात. तो सगळा भार चार बोल्टांवर. म्हणून आप्पा बोल्ट वापरायचे ते कडक पोलादाचे. काळे, तेलकट, दिसायला ओबडधोबड.

लग्नाच्या आदल्या दिवशी मामीनं ते बघितले. "अगंबाई! रुखवतात काळं? लग्नघर आहे का काय आहे? काढा ते आधी!"

आप्पा कुणाचं ऐकायचे नाहीत, पण मामीपुढं त्यांचं काही चालायचं नाही. गेले बाजारात आणि पलंगाला लावतात ते चकचकीत बोल्ट आणून बसवले. साचा कसा झगमगायला लागला. मामी खूश. आप्पांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"शालन, हे नुसते दाखवायचे. पलंगावर माणूस झोपतं, मोटार नाही लावत कुणी. ह्यांच्यावर मशीन चालवली तर मान तुटेल बोल्टांची. खरे तुझ्या ट्रंकेत टाकलेत, साड्यांच्या खाली. बसवायच्या वेळी बदलायचे. कळलं?"

"कळलं."

"जावईबापूंचे हात आहेत त्याच्याखाली."

"कळलं म्हटलं ना आप्पा!"

तर नवरीच्या ट्रंकेत शालू, पैठणी आणि त्याखाली तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले चार बोल्ट घेऊन मी सासरी आले.

सासूबाईंचं नाव हौसाबाई. मी त्यांना आत्या म्हणायची. हडकुळ्या, ठेंगण्या, पण आवाज असा की मशीन चालू असताना यार्डाच्या दुसऱ्या टोकाला शिवी ऐकू जायची. सासरे ऐन उमेदीत तापानं गेले, तेव्हापासून यार्ड त्याच चालवत होत्या. लग्न ठरवायच्या बैठकीत त्यांनी मानपान, आहेर, कशाचं नाव काढलं नाही. एकच अट घातली.

"पोरगी पसंत हाय. पर येक सांगून ठिवते. यार्डात पाय टाकायचा न्हाई तिनं."

आप्पा म्हणाले, "अहो, तिला मशीनचं सगळं येतं की."

"म्हणून तर आधीच सांगतीया."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः ही बाई दिवस उगवल्यापासून यार्डात उभी, आणि मी गेले तर काय यार्ड बाटणार होतं? मला वाटलं, हुकमत वाटून घ्यायची नाही, दुसरं काय! तिथंच नाही म्हणणार होते. पण जालिंदर बघायला आले होते तेव्हा माझ्या हातावरचे वेल्डिंगचे डाग बघून हळूच म्हणाले होते, "दुखतात का?" झालं. कांदेपोहे देणाऱ्या मुलीला असं कोण विचारतं? मी हो म्हणून बसले.

सासरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी जालिंदरनी विषय काढला. "आई, आपला साचा पार झिजलाय. ब्लॉकची एक कड जाड, एक बारीक पडतीय. हा नवा बसवू की."

"रुखवत मांडायला असतं, वापराया न्हाई," आत्या म्हणाल्या. "शिंपल्याचा गणपती कधी पुजत्यात व्हय कोण?"

साचा सोप्यात मांडला गेला. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर टीव्ही. येणारे-जाणारे टीव्हीपेक्षा टेबलाचंच कौतुक करायचे. टीव्हीचं वजन पेलायला पलंगाचे बोल्ट काय, खिळेसुद्धा पुरले असते. मी काही बोलले नाही आणि कुणी विचारलंही नाही. सकाळी जालिंदर आणि आत्या यार्डाला जायचे आणि मी घरात भाकरी थापत मशीनचा आवाज ऐकत बसायची. गावाच्या कडेलाच यार्ड, आवाज सरळ स्वयंपाकघरात यायचा. मोटारीचा पट्टा ढिला झालाय हे मला चुलीपुढं बसून कळायचं. सांगायची सोय नव्हती.

लग्नाला महिना व्हायचा होता. त्या दिवशी मी चुलत सासूबरोबर देवीची ओटी भरायला गेले होते. परत आले, चुलत सासू वेशीतूनच आपल्या घरी वळल्या. मी दार ढकलून आत गेले तर टीव्ही जमिनीवर. खाली बसून एकटाच बातम्या सांगत होता. रुमाल खुंटीला. साचा नाही.

मी परड्यात जाऊन शेजारच्या काकूंना हाक मारली. "काकू, साचा कुठं गेला आमचा?"

भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं. "अगं, जुना मोडला की सकाळी! मधनंच चिरला. मग जालिंदर आन् यार्डातला बिरू आले हातगाडा घेऊन, नवा घिऊन गेले. हौसाबाई नको-नको म्हनत हुती, पर माल कालवून पडला हुता, मग काय करती?"

मी ट्रंक उघडली. साड्या भराभरा बाहेर टाकल्या. तळाला फडकं होतं आणि फडक्यात चारही बोल्ट जिथल्या तिथं. म्हणजे साचा पलंगाच्या बोल्टांवर चढला होता. आणि स्वयंपाकघराकडून मशीनचा आवाज येत होता.

पायात चप्पल घातली का नाही ते मला आजही आठवत नाही. ओटीत नारळ-तांदूळ होते, त्यातच बोल्ट टाकले, हाताला लागला तो पाना घेतला आणि सुटले. महिन्याभराची नवरी, अंगावर देवळाची भरजरी साडी, कपाळाला मळवट, ओटीत नारळ, हातात पाना. गल्लीतल्या बायका दारात आल्या. "आगं आगं, नवी सून पळाली!" एक म्हातारा पारावरून ओरडला, "माहेर हिकडं न्हाई गं पोरी, तिकडं!" माझ्या ओटीतले तांदूळ रस्ताभर सांडत होते. हसा म्हटलं, हसा. मला फक्त ते दोन हात दिसत होते.

यार्डाच्या फाटकाशीच मोटारीचा स्विचबोर्ड होता. देवाची कृपा. मशीन थरथरत होती, बिरू हँडलवर होता. बिरू म्हणजे यार्डातला सगळ्यात जुना माणूस, आडदांड, मनानं गरीब. त्यानं हँडल ओढलं, साचा वर उचलला. चंदेरी रंगाला सिमेंट लागलं होतं आणि एक रिबन अजून तशीच लोंबत होती. जालिंदर फळी ओढायला वाकले. या गोंगाटात मी बोंबलले असते तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. मी सरळ खटका खाली ओढला.

सगळं एकदम गप्प झालं.

"हात काढा!" मी ओरडले. "अहो, हात काढा बाहेर!"

दचकून का होईना, जालिंदरनी हात मागं घेतले आणि उभे राहिले. आत्या वाळूच्या ढिगाकडून तरातरा आल्या.

"कुणी बंद किली मशीन? आं? तू? हितं काय करतीयास तू? पाय टाकायचा न्हाई म्हणून बजावलं हुतं का न्हाई तुला? आन् ह्यो कसला अवतार? लाज न्हाई वाटली गावातनं..."

टण्ण.

बोल्टाचं डोकं तुटून बिरूच्या पायापाशी येऊन पडलं. त्यानं वाकून ते उचललं, काय आहे बघायला. तेवढ्यात दुसरं तुटलं. साच्याची एक बाजू धाडकन खाली आली, फळीवरच्या ओल्या ब्लॉकांचा चेंदामेंदा झाला आणि फळीची कड मधनं मोडली. जिथं जालिंदरनी फळी धरली होती, तिथंच.

जालिंदरनी आपले दोन्ही हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले. मग माझ्याकडं बघितलं. मला एकदम रडू फुटलं, आणि रडता रडता मी भांडायलाच लागले.

"रुखवतातले बोल्ट आहेत ते! पलंगाचे! मामीला काळं चालत नव्हतं म्हणून लावलेले! विचारायचं तरी होतं मला! महिनाभर घरात बसवून ठेवलंय, एका शब्दानं कुणी विचारलं नाही की बाई, साचा तू केलास, कसा बसवायचा!"

आत्या खाली बसल्या. वाळूच्या पाटीवरच बसल्या.

शेवटी बिरूच बोलला. "वैनी, रडाया मागनं वेळ घावंल. माल धराया लागलाय."

खरंच होतं. साचा वाकडा होऊन अडकला होता, आत-बाहेर, दांड्यांच्या फटीत, सगळीकडं ओला माल भरला होता. ऊन मी म्हणत होतं. तासाभरात त्याचा दगड झाला असता, आणि साचा, दांड्या, मशीन सगळं त्या दगडात. या घराला दुसरी मशीन नव्हती. मी डोळे पुसले, साडीचा काष्टा मारला.

"आधी लाकडी ठोकळे आणा. दोन्ही बाजूंनी खाली लावा, उरलेल्या दोन बोल्टांवर भरवसा नाही. पहारीनं हात न घालता सरकवा."

जालिंदर आणि बिरू कामाला लागले. मी स्विचबोर्डाचा फ्यूज उपसला आणि कमरेला खोचला. आप्पांचा नियम होता, ज्याचा हात मशीनमध्ये, फ्यूज त्याच्याजवळ. मग कुणी चुकून खटका दाबला तरी दाबू दे.

साचा ठोकळ्यांवर टेकला. लाकडी फळकुटानं बाहेरचा माल खरवडून काढला. हातोडी मी घेऊ दिली नाही, नव्या साच्याला पोचे पडतात. आता तुटलेल्या बोल्टांचे बुडखे काढायचे होते. त्यांचे नट होते साच्याची भिंत आणि दांडी यांच्या मधल्या फटीत. आतून बोटांनी नट धरल्याशिवाय बुडखा फिरत नाही आणि नवा बोल्टही बसत नाही. जालिंदरनी हात घालून बघितला. अंगठ्यापाशी अडला. बिरूचा तर बोटांच्या पेरांपाशीच.

"माझा जातो," मी म्हटलं. "फट मीच ठेवलीय ती. माझ्या हाताच्या मापानं."

हात पुढं केला आणि मीच थांबले. दोन्ही हातांत मनगटापासून वर चुडा. हिरवा, कासारानं दाबून दाबून भरलेला. वर्कशॉपात मी कधी बांगडी घातली नव्हती. साच्यात हात घालायचा तर हातात काही नको, बांगडी नको, घड्याळ नको, गंडा-दोरासुद्धा नको, हे आप्पांनी माझ्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. त्या फटीत काच फुटली असती तर शीरच कापली असती.

"वर सरकव," जालिंदर म्हणाले.

"सरकत नाहीत. सरकल्या तरी परत खाली येतात."

"मग राहू दे. माहेराहून आप्पांना बोलवून घेऊ."

"आप्पा येईपर्यंत इथं समाधी बांधून होईल साच्याची." मी शेजारच्या वाळलेल्या ब्लॉकवर मनगट टेकवलं. "फोडते. कासार काय उद्या परत येईल."

"फोडू नगंस!"

आत्या कधी उठल्या, कधी आल्या, कळलं नाही. त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली. घट्ट, दुखण्याइतकी घट्ट.

"फोडू नगंस," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा तो यार्डभर जाणारा आवाज मला जवळ असूनही जेमतेम ऐकू आला. "तुझ्या सासऱ्यास्नी नेलं त्या दिशी बायकांनी माझ्या फोडल्या. अशाच धरून. त्येंचं दिवसकार्य झालं आन् मी ह्या यार्डात आले. माल कालवाया, ब्लॉक उचलाया. बिरू म्हणला, आक्का, आता बांगड्याचा तरास न्हाई, कामाला हात मोकळं झालं. ल्हान हुता, कळत नव्हतं त्येला."

बिरू खाली मान घालून पहार पुसत राहिला.

"ह्या यार्डात बाईमाणूस म्हंजे मी. भुंड्या हाताची. तुला येऊ दिलं न्हाई ते काय तुझा राग हुता म्हणून? मला वाटलं, हितं आलीस की तुझं बी हात असंच हुत्याल. नगं वाटायचं. जीव वर-खाली व्हायचा माझा."

महिनाभर मी या बाईला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! पण माल धरत होता.

"आत्या," मी म्हटलं, "तुमचा मुलगा हा समोर उभा आहे. दोन्ही हातांसकट. बांगड्या उतरवल्या म्हणून त्यांना काही होत नाही. ह्या घालून मी आत हात घातला तर मात्र माझं काहीतरी होईल."

त्यांनी जालिंदरकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बिरूवर खेकसल्या, "बघत काय उभारलाईस? साबन आन टाकीवरचा!"

कासारीण झक मारेल अशा हलक्या हातानं त्यांनी माझ्या बांगड्या उतरवल्या. मनगटाला साबणाचा फेस, माझा अंगठा आत मुडपलेला, आणि एकेक बांगडी हाडावरून अलगद सरकवत. मी "आई गं" केलं की "गप, आली, आली" म्हणायच्या. एक वाढली तेवढी, बाकी सगळ्या शाबूत निघाल्या.

निघाल्या खऱ्या, पण ठेवायच्या कुठं? खाली सिमेंट, वाळू, खडी. आणि सौभाग्याचा चुडा जमिनीवर ठेवू देतील तर त्या आत्या कसल्या. जालिंदरनी हात पुढं केला तर त्यांचे हात मालानं बरबटलेले. बिरूकडं बघायचा प्रश्नच नव्हता.

"जा तू," आत्या म्हणाल्या. "काम कर तुझं. मी बघते."

मी फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. नट सापडला, धरला, जालिंदरनी बाहेरून बुडखा फिरवला, निघाला. दुसरा हट्टी होता, त्यानं माझ्या बोटाचं साल काढलं. उरलेले दोन चकचकीतही काढून टाकले, मग मी ओटीतून एकेक काळा बोल्ट काढून देत गेले. नारळाबरोबर बोल्ट बघून बिरू म्हणाला, "वैनी, देवीनं बरा परसाद दिला."

"एकदम आवळू नका," मी म्हटलं. "आधी चारही हातानं टेकवा. मग हा थोडा, मग त्याच्या समोरचा कोपऱ्यातला थोडा. एकच आवळत बसलात की साचा वाकडा बसतो."

"तुझ्याकडं शिकवणी लावायला पाहिजे होती लग्नाआधी," जालिंदर म्हणाले.

"अजून लावा. फी घेईन मात्र."

बिरू खो-खो हसला. हसता हसता त्याची नजर माझ्या मागं गेली आणि तो हसायचा थांबला. हळूच दुसरीकडं बघायला लागला. मी मान वळवली.

आत्यांनी माझ्या बांगड्या स्वतःच्या हातात चढवल्या होत्या. साबणाचा फेस तसाच होता. काही मनगटापर्यंत गेल्या होत्या, काही अंगठ्याच्या हाडापाशी अडल्या होत्या. दोन्ही हात कोपरात वाकवून, अंगापासून लांब धरून त्या उभ्या होत्या, ओली मेंदी लावून पोरगी उभी राहते तशा. माझ्याशी नजरानजर झाली तशी त्या गडबडल्या.

"खाली कुठं ठिवू? म्हणून घातल्या. काय बघतीयास? हात चालीव!"

मी चौथा बोल्ट आवळला, सगळे परत एकदा तपासले, आत-बाहेर काळं तेल चोपडलं. ठोकळे काढले. फ्यूज लावला. पहिल्या खेपेला कुणालाही जवळ जाऊ दिलं नाही. रिकामा साचा उचलून मोटार चालू ठेवली, जालिंदरनी लांबून पाइपानं साचा ढोसून बघितला. जरा हलला नाही. मग मशीन बंद करून पुन्हा चारही बोल्टांवर पाना फिरवला. त्यानंतरच माल भरला. साचा उचलला आणि फळीवर दोन ब्लॉक उभे राहिले, चारही कडा सारख्या. जालिंदरनी फळी ओढली. मी त्यांचे हात आत जाताना आणि बाहेर येताना श्वास धरून बघितले.

टाकीवर जाऊन मी हात घासून धुतले आणि आत्यांपुढं जाऊन उभी राहिले.

"आणा आत्या. झालं काम."

त्यांनी हाताकडं बघितलं. माझ्या नाही, स्वतःच्या. मनगट जरासं फिरवलं. बांगड्या वाजल्या.

"थांब की," त्या म्हणाल्या. "घाई हाय व्हय तुला? बिरूला दाव आधी, कोपऱ्याकोपऱ्यानं कसं आवळायचं ते. त्येच्या ध्यानात न्हात न्हाई काय." आणि वळून टाकीकडं गेल्या. पाण्याचा पाइप उचलला. मागच्या दिवसांचे ब्लॉक रांगेनं वाळत होते, त्यांना पाणी मारायचं काम रोजंदारीच्या पोरांचं असायचं. आत्या पाइप कधी हातात धरायच्या नाहीत, हे बिरूनं मला मागाहून सांगितलं. एक रांग झाली, दुसरी झाली. दोन रांगांच्या मधून त्या चालत होत्या, हात वर करून पाणी उडवत होत्या, आणि उन्हं उतरेपर्यंत यार्डाच्या त्या बाजूनं बांगड्यांचा आवाज येत होता.

भुंड्या हातांनी मी मशीनपाशी उभी राहून फळ्या पुसून देत होते. जालिंदरनी तिकडं बघितलं.

"आईला बास म्हणून सांगू का? त्याच रांगेवर तिसऱ्यांदा पाणी मारतीय."

"मारू द्या," मी म्हटलं. "ब्लॉकला पाणी जास्त झालं म्हणून काही बिघडत नाही."